हाताला कान

"बंद करू नका रं, चालूच ऱ्हाऊ दे," म्हणत नाथाजी इंजिनाच्या कडेच्या पायपट्टीवर चढला आणि त्यानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या.

शेडमधले दोघे फिटर बाजूला झाले. तासभर ते इंजिनाच्या उघड्या दारांशी झटत होते. इंजिन सुरू व्हायचं, पण दम धरायचं नाही. धुरांड्यातून पांढरट धूर येत होता आणि हिवताप भरल्यासारखं सगळं अंग थडथडत होतं. नाथाजीनं पहिल्या सिलिंडरकडे जाणारी तेलाची बारीक नळी दोन बोटांत धरली. मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या नळीवर त्याची बोटं थांबली, जरा वर सरकली, परत खाली आली.

"ह्यो चवथा," तो म्हणाला. "तेल जातंय, पन फवारा हुईना. नोझल बदला आन् द्या गाडी."

नोझल बदललं. अर्ध्या तासात इंजिन एका लयीत चालू लागलं. धाकट्या फिटरनं कपाळाचा घाम पुसत म्हटलं, "नानांच्या हाताला कान हायत गड्या!"

सगळे हसले. नाथाजीही हसला, पण सगळ्यांच्या मागून, त्यांची तोंडं बघून. मधला तो क्षणभराचा उशीर शेडमध्ये फक्त दारात उभ्या शंटमन सम्मेदच्या लक्षात आला. त्यानं मान वळवली आणि हिरवा-लाल बावटा उगाच परत गुंडाळला.

वडजाई रोड हे पुणे-मिरज मार्गावरचं एक किरकोळ स्टेशन. तिथून सात किलोमीटरचा एक फाटा उसाच्या रानांतून माळावर जातो. माळावर खताची, सिमेंटची, साखरेची गोदामं आहेत. हा फाटा एका खाजगी कंपनीचा. त्यावर फक्त मालगाड्या चालतात आणि त्या ओढायला कंपनीकडे दोन डिझेल इंजिनं आहेत. कागदावर त्यांना नंबर आहेत, पण शेडमध्ये थोरली आणि धाकटी हीच त्यांची नावं. मोठ्या लायनीवर विजेच्या तारा आल्या तेव्हा लोक म्हणाले, आता ह्या दोघी भंगारात जाणार. पण गोदामांपाशी क्रेननं माल उतरतो; डोक्यावर तारा असल्या तर क्रेनचा हात हलायचा कसा? म्हणून विजेचं इंजिन डबे वडजाई रोडला सोडून निघून जातं आणि पुढचे सात किलोमीटर थोरली नाहीतर धाकटी लागतेच.

नाथाजी या फाट्यावर तेवीस वर्षं गाडी चालवत होता. त्याआधी सतरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये रणगाड्यांच्या इंजिनांत त्याचे हात काळे झाले होते. गाव कडेगावच्या बाजूला, घरची एकर-दीड एकर उसाची जमीन. ती भावानं सांभाळली आणि यानं इंजिनं सांभाळली. चाळीस वर्षं दोन हातांच्या अंतरावर डिझेल धडधडत राहिलं, त्याचं व्हायचं ते झालं. आधी पाखरं गेली. मग फोनची घंटी, मग शिट्टी. शेवटी शेवटी माणसं बोलतात एवढं कळायचं, काय बोलतात ते कळायचं नाही.

इंजिन मात्र त्याला सोडून गेलं नव्हतं. त्याचा जाड आवाज तळपायातून, बाकाच्या लाकडातून, हँडलातून अंगात यायचा. जसजसं कानानं कमी यायला लागलं तसतसा तो हातानं जास्त बघायला लागला आणि जसजसा तो हातानं बघायला लागला तसतशी शेडमध्ये त्याची कीर्ती वाढत गेली. ती कीर्ती ऐकून त्याला आत कुठेतरी चोरट्यासारखं वाटायचं.

दरवर्षी तपासणी व्हायची. डोळे नीट तपासायचे. कानांच्या वेळी डॉक्टर मागं उभं राहून ठरलेले चार प्रश्न विचारायचा: नाव काय, गाव कुठलं, वय किती, जेवण झालं का. क्रम कधी बदलला नाही. प्रश्न विचारून होईल एवढे आकडे मनात मोजून नाथाजी उत्तरं द्यायचा.

हे सगळं सम्मेदला माहीत होतं. सम्मेद शंटमन, म्हणजे डबे जोडायचे, तोडायचे, बावटा दाखवायचा, वॉकीटॉकीवरून चालकाला पुढचं सांगायचं. सांगलीकडच्या शेतकरी जैनांच्या घरातला, पंधरा वर्षांमागं आला तेव्हा डब्याची कडी कशी उचलतात तेही त्याला ठाऊक नव्हतं. सगळं नाथाजीनं शिकवलं. आता सम्मेद इंजिनात असला तर वॉकीटॉकीवरचं बोलणं तोंड समोर आणून परत म्हणून दाखवायचा, घाई असली तर खांद्यावर थापटायचा. बाहेर असला तर बावटा उंच धरायचा. या गोष्टीबद्दल दोघं एकमेकांशी एक शब्दही कधी बोलले नव्हते.

अडचण एकाच ठिकाणी होती. माळाकडे जाताना डबे पुढं आणि इंजिन मागं, अशी गाडी ढकलत न्यावी लागायची. चालकाला पुढचं काही दिसत नाही. पुढच्या डब्याच्या पायरीवर उभा असलेला शंटमन हेच त्याचे डोळे. सरळ वाटेवर बावटा दिसायचा. पण बाभळीच्या वळणावर उसाच्या भिंतीआड सम्मेद दिसेनासा व्हायचा आणि त्या पाव किलोमीटरात फक्त आवाजाचा भरवसा. नियम होता की वॉकीटॉकी गप्प झाली की गाडी थांबवायची. नाथाजीसाठी ती दोन वर्षं गप्पच होती. तो गाडी माणसाच्या चालीनं न्यायचा आणि देवावर सोडायचा.

त्या दिवशी जानेवारीचं ऊन होतं. कारखाने भरात होते. धाकटीपुढं चौदा रिकामे डबे होते.

वळणावर सम्मेद दिसेनासा झाला. नाथाजीनं वॉकीटॉकी गालाशी धरली. नेहमीसारखी तिची गुणगुण हाडाला लागत होती. त्यातले शब्द काय, हे कळायला मार्ग नव्हता. 'चला चला' म्हणत असेल, त्यानं मनाशी धरलं. रुळांवर ट्रॉल्यांतून पडलेला ऊस चेंगरून चिकट झाला होता, गाडी जरा जड वाटली, म्हणून त्यानं हँडल एक खाच वर नेलं.

तेवढ्यात समोरच्या घड्याळातला हवेचा काटा धाडकन खाली आला.

गाडीच्या ब्रेकना नळीतल्या हवेनं धरून ठेवलेलं असतं. हवा सुटली की ब्रेक आवळतात. हवा नाथाजीनं सोडली नव्हती. त्यानं हँडल शून्यावर आणलं, इंजिनाचा ब्रेक दाबला. चौदा डब्यांचा धक्का एकामागून एक येत त्याच्या छातीत बसला आणि गाडी उभी राहिली.

तो खाली उतरला आणि खडीवरून धावत सुटला. अठ्ठावन्नाव्या वर्षी खडीवरून चौदा डब्यांची लांबी धावायला वेळ लागतो. वळण संपलं तसं रस्त्याचं फाटक दिसलं.

ट्रॅक्टर फाटकापलीकडे पुढं गेला होता. मागच्या ट्रॉलीची खीळ तुटली होती आणि उसानं गच्च भरलेली ती ट्रॉली रुळांच्या बरोबर मधोमध उभी होती. पहिला डबा आणि ट्रॉली यांच्यात एक माणूस कसाबसा मावेल एवढीच फट होती. फाटकवाली राहीबाई हातात लाल बावटा घेऊन त्याच फटीत खाली बसली होती. सम्मेद पहिल्या डब्याला टेकून उभा होता. डब्याच्या टोकाशी हवेच्या नळीची तोटी उघडी होती आणि त्याच्या तळहाताला रक्त होतं. चालत्या गाडीतून लटकून ती तोटी त्यानं उघडली होती.

ट्रॉलीवर, उसाच्या मोळ्यांवर, ऊसतोडीवाल्या दोन बाया बसलेल्या होत्या. काय टळलं हे त्यांना पुरतं कळलेलंही नसावं. त्यांतली तरणी वरून नाथाजीकडे बघत काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. विचारत होती, एवढं तिच्या भुवयांवरून कळलं.

"व्हय व्हय," नाथाजी म्हणाला.

"न्हाई! न्हाई!" सम्मेद डब्यापासून पुढं झाला आणि दोन्ही हात हलवत ओरडला. "उतरा! आदी खाली उतरा दोगी!"

मग तो नाथाजीकडे वळला. तोंड अगदी समोर आणून, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "ती इचारत हुती, वरच बसून ऱ्हायलं तर चालंल का."

नाथाजीनं त्या बाईकडं पाहिलं. तिनं पदर खोचला, मोळीचा दोर धरला आणि पाय सोडून ती सरसर खाली उतरली. मग वर हात करून दुसरीला उतरवून घेतलं.

दुपारी अजितकुमार साहेबांनी नाथाजीला कचेरीत बोलावलं. अजितकुमार फाट्याचे मुख्य, सांगलीचे, शांत माणूस. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी नाथाजीचा हात दोन्ही हातांत धरला. टेबलावर सम्मेदनं लिहून दिलेला कागद होता. 'फाटकात ट्रॉली अडकल्याचे कळविताच चालकाने तात्काळ ब्रेक लावून गाडी थांबविली,' एवढंच त्यात होतं.

"तुमच्यामुळं वाचलो, नाथाजी," साहेब म्हणाले. ते समोरच बोलत असल्यानं नाथाजीला निम्मं कळलं, निम्मं त्यानं जुळवलं. "दोन जीव होते वर. सव्वीस जानेवारीला सगळ्यांपुढं तुमचा सत्कार करायचा. ह्याच्यावर सही करा."

पेन पुढं आलं.

"चष्मा इसारलोय, साहेब," नाथाजी म्हणाला. "उद्या करतो."

चष्मा त्याच्या खिशातच होता.

सम्मेद बाहेर पाण्याच्या टाकीपाशी थांबला होता. तळहाताला फडकं बांधलेलं.

"केली सही?"

"न्हाई."

सम्मेदनं इकडंतिकडं बघितलं. "नाना, चौदा म्हैनं ऱ्हायलं तुमचं. कुनाला काय झालं न्हाई. हितनं फुडं वळनावर मी गाडी थांबवून चालत जातो फुडं, बगून येतो, मग ढकला. पन ह्यो इषय हितंच गाडा."

"तू किती येळा हाक मारलीस?"

सम्मेदनं फडक्याची गाठ आवळली.

"सम्मेद, किती येळा?"

"चार," सम्मेद म्हणाला आणि त्यानं चार बोटं वर केली. "चार येळा. मग आठवलं की तुमाला न्हाई ऐकू येत."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य दोघांच्या मध्ये आलं. नाथाजीला वाटलं होतं, ऐकलं की लाज वाटेल. तसं काही झालं नाही. डोक्यावरचा भारा कुणीतरी हात देऊन उतरवला, तसं झालं.

घरी त्याची बायको चंद्राबाई सोप्यात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. नाथाजीनं चपला काढल्या, पाय धुतले आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, काटा कसा पडला इथपासून त्या बाईला 'व्हय' म्हणाला तिथपर्यंत. चंद्राबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला ऐकू येत न्हाई," शेवटी तो म्हणाला.

"म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, तुमच्या फुड्यात यिऊन बोलतीया. उगंच व्हय?"

"मग कवा बोलली न्हाईस त्याबद्दल."

"तुमी सांगाल म्हनून वाट बगितली." तिनं शेंग सोलून दाणे परातीत टाकले. "आता काय करनार?"

"उद्या सांगून टाकतो."

"सांगा," ती म्हणाली. "त्या बायांचीबी घरं हायत कुटंतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांच्या आधी कचेरीत जाऊन बसला. ते आल्यावर त्यानं खिशातून गाडी मागंपुढं करायचा सुटा दांडा काढला आणि टेबलावर ठेवला. तो दांडा बसवल्याशिवाय इंजिन हलत नाही, आणि प्रत्येक चालक तो जवळ बाळगतो.

"ब्रेक मी न्हाई लावला, साहेब. सम्मेदनं लटकून नळीची तोटी उघडली. त्यानं चार हाका मारल्या, मला एकबी आली न्हाई. दोन वर्सं झाली, मला ऐकू येत न्हाई."

अजितकुमारांनी तो दांडा बाजूला सरकवला. मग त्यांनी कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सम्मेदला माहीत होतं?'

नाथाजीनं तो प्रश्न दोनदा वाचला. रात्रभर त्यानं स्वतःच्या नोकरीचा, अब्रूचा, शेडमधल्या लोकांच्या तोंडाचा विचार केला होता. हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

"त्याचा काय दोस न्हाई, साहेब. त्यानंच वाचवलं."

"वाचवलं, आणि लपवलंही," साहेब हळू म्हणाले. हे त्यांनी लिहिलं नाही, पण नाथाजीला ओठांवरून कळलं.

चौकशी झाली. नाथाजीला गाडीवरून उतरवून उरलेल्या चौदा महिन्यांसाठी शेडमध्ये फिटरांच्या हाताखाली दिलं. सम्मेदला महिनाभर घरी बसवलं आणि खोटा कागद लिहिल्याचा शेरा त्याच्या नावावर कायमचा लागला. चालकाच्या जागेसाठी त्याचं नाव वर गेलेलं होतं, ते परत आलं. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं शाल-नारळ राहीबाईला मिळाला. लाल बावटा घेऊन गाडीच्या अंगावर धावत गेली होती ती. तिनं नारळ घेतला आणि माईकसमोर एवढंच म्हणाली, "मी काय केलं न्हाई, माझं पायच पळालं."

सम्मेद कामावर परत आला तो शेडकडं फिरकला नाही. समोरून नाथाजी आला की रूळ ओलांडून पलीकडं जायचा. एकदा नाथाजीनं त्याला गोदामापाशी गाठलं. "माझ्यामुळं तुझं..." एवढंच तो बोलू शकला. सम्मेदनं मान हलवली; त्या हलण्याचा अर्थ राग होता की जाऊ द्या, हे कळलं नाही, आणि तो तोंड फिरवून काहीतरी बोलत निघून गेला. तोंड फिरवल्यावर नाथाजीशी बोलणं संपतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

शेडमध्ये कुणी घालूनपाडून बोललं नाही. बोलले असतील तर नाथाजीला ऐकू आलं नाही. तो दोन्ही इंजिनं धुवायचा, गाळण्या बदलायचा, तेलाचा थेंब बोटावर घेऊन चोळून बघायचा. नवा चालक नळ्या कशा धरायच्या ते विचारायला आला, त्याला त्यानं आठ दिवस तेच शिकवलं.

होळीच्या सुमाराला एका दुपारी धाकटी शेडच्या तोंडाशी येऊन थांबली. सम्मेद उतरला. तो सरळ नाथाजीपाशी आला आणि उजेडाकडं तोंड करून, त्याला दिसेल असा उभा राहिला.

"नाना, चढाला दम टाकतीया. काळा धूर हाय. बगता का?"

"बगतो," नाथाजी म्हणाला.

हवेची गाळणी उसाच्या पाचटाच्या भुशानं भरली होती. दोघांनी मिळून ती काढली, झटकली, परत बसवली.

मुलगी क्रांती साताऱ्याला दवाखान्यात नर्स आहे. तिनं हट्टानं बापाला बोलावून घेतलं आणि कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानावर झाकणं लावून तपासलं. क्रम ओळखून उत्तर द्यायची सोय तिथं नव्हती. पंधरा दिवसांनी दोन्ही कानांमागं दोन छोटी यंत्रं बसली.

"आण्णा," क्रांती मागं उभी राहून म्हणाली, "चहा घेणार का?"

"घेतो की," तो म्हणाला आणि मग वळून तिच्याकडं बघत राहिला. क्रांतीचे डोळे भरून आले, पण ती हसत म्हणाली, "आजच्या दिवस दोन तासच ठेवा. डोकं दुखेल."

परतीच्या एसटीत सगळा पत्रा एकदम अंगावर आला. खिडक्या खडखडत होत्या, मागं कुणाचा तरी मोबाईल वाजत होता, कंडक्टर दोन्ही कानांत एकाच वेळी ओरडत होता. कराडपर्यंत नाथाजीनं दात आवळून सोसलं. पण यंत्रं काढली नाहीत.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. चंद्राबाई परसातून पाण्याची कळशी घेऊन आली, ती ठेवली आणि त्याच्यासमोर बसली. नेहमीच्या सवयीनं पुढं वाकून, तोंड दाखवून तिनं विचारलं, "काय? येतंय का?"

"येतंय. तू मागं सरून बोललीस तरी चालंल."

ती लाजून हसली आणि भिंतीला टेकली. कितीतरी दिवसांनी घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नाथाजी ऐकत राहिला. चुलीतलं लाकूड तडकलं. छपरावर चिमणी पाय घासत होती. आणि या सगळ्याच्या खाली एक बारीक आवाज होता, दाराच्या फटीतून वारं शिरावं तसा. यायचा, जायचा, परत यायचा. नाथाजीनं दाराकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता. मग त्यानं चंद्राबाईकडं पाहिलं.

आवाज तिच्या छातीतून येत होता. श्वास घेताना बारीक शीळ, सोडताना जरा घरघर.

"हे कवापासनं?"

"काय?"

"तुझ्या छातीत वाजतंय, ते."

चंद्राबाईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. श्वास रोखून धरला, पण धरवला नाही. "दिवाळीच्या आदीपासनं आसंल," ती म्हणाली. "कळशी आनली की जरा जास्त हुतंय. जाईल की."

"मला सांगायचं हुतंस."

"सांगायचंच हुतं," ती म्हणाली. "पन ते वरडून सांगन्यासारकं न्हवतं."

नाथाजी म्हणाला, "उद्या पैल्या एसटीनं साताऱ्याला जायचं. क्रांतीला फोन करतो."

"बरं," ती म्हणाली. "आता काडा ते कानातलं. दोन तासच सांगितलंय न्हवं तिनं?"

"ऱ्हाऊ दे जरा."

तो उठला, कळशी उचलून आत माचावर ठेवून आला आणि तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसला. चंद्राबाईनं डोळे मिटले. अंगणातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, मग उंबरा ओलांडून गेलं. दिवा लावायची वेळ झाली तरी दोघं तिथंच होते. ती झोपली होती आणि तो जागा, तिचा एकेक श्वास ऐकायला स्वतःचा श्वास थांबवत.